जुनी एमएक्स-५: मोठी वाटणारी छोटी दुखणी आणि छोटी वाटणारी मोठी

माझ्दा म्हटलं की महाराष्ट्रात अजूनही स्वराज माझ्दाची मिनीबस आठवते. त्याच माझ्दाची दोन सीटची, छप्पर उघडणारी एमएक्स-५ भारतात कधी विकायला आलीच नाही. पण इंग्लंड, अमेरिका किंवा ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या कुणाला परवडणारी जुनी स्पोर्ट्स कार घ्यावीशी वाटली, की बहुतेक वेळा शोध हिच्यापाशीच येऊन थांबतो. अमेरिकेत ती मियाटा, जपानमध्ये युनोस रोडस्टर. फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटर शोमध्ये ती पहिल्यांदा दाखवली गेली. उघडझाप करणारे हेडलाइट असलेली पहिली पिढी (एनए) १९९७ पर्यंत निघाली आणि दुसरी (एनबी) २००५ पर्यंत. इथली माहिती मुख्यतः एनएची आहे. एनबीत फरक असेल तिथे तसं लिहिलं आहे.

या गाडीचं इंजिन चिवट आहे. वयोमानाने थकतं ते रबर: सील, ओ-रिंग (गोल रबरी कडी), होज (नळ्या), बूट (रबरी टोप्या). आणि सडतो तो पत्रा. त्यामुळे गाडी घेणारा नेमका उलटा घाबरतो. गिअरबॉक्सखाली तेलाचा थेंब दिसला की पळ काढतो, आणि मागच्या चाकापुढचा रंगाचा छोटा फुगवटा बघून ‘किरकोळ गंज आहे’ म्हणतो. तेलाचा थेंब पन्नास पैशांच्या रबराने थांबू शकतो. फुगवट्यामागे मात्र वेल्डिंगचं मोठं बिल उभं असतं.

आधी पत्रा, मग इंजिन

दोन्ही दारांखालचा आडवा पट्टा म्हणजे सिल. त्याचा मागचा, चाकापुढचा भाग बोटांनी दाबून बघा आणि टिचकी मारा. चांगला पत्रा खणखणीत वाजतो. आतून सडलेला किंवा पुट्टी भरलेला भाग भद्द आवाज देतो. इथेच पत्रा का सडतो, याचं कारण छपरात आहे. कापडी छपरावर पडलेलं पाणी मागे सीटबेल्टच्या खांबांजवळ दोन्ही बाजूंना असलेल्या भोकांत उतरतं आणि नळीतून मागच्या चाकांपुढे बाहेर पडतं. पानं-माती अडकून नळी तुंबली, की पाणी सिलच्या आत आणि कार्पेटखाली मुरतं. गाडी बाहेरून चकचकीत असते आणि आतून कुजत असते.

तपासणी सोपी आहे. छप्पर अर्धं उघडून त्या भोकात पेलाभर पाणी हळूहळू ओता. मागच्या चाकापुढे, गाडीच्या पोटाखालून लगेच धार लागली पाहिजे. थेंब थेंब आलं तर नळी तुंबली आहे. गवत कापायच्या मशीनची नायलॉनची दोरी घालून ती साफ करा. लोखंडी तार घालू नका. तिने प्लास्टिकची नळी फाटते आणि मग पाणी कायमचंच आत पडतं. हे काम वर्षातून दोनदा करायचं. झाडाखाली गाडी लावत असाल तर पानगळीनंतर एकदा जास्त.

इंग्लंडमध्ये वार्षिक एमओटी तपासणीत सीटबेल्ट किंवा सस्पेन्शन जिथे बसतं त्यापासून ३० सेंमीच्या आत पत्रा सडलेला असेल तर गाडी नापास होते, आणि सिलचा मागचा भाग नेमका त्याच टापूत येतो. दुरुस्ती झालेली असेल तर एकच प्रश्न विचारा: आतला सिल बदलला की फक्त बाहेरून ठिगळ मारलं? नुसतं बाहेरचं ठिगळ मारलं असेल तर दोन-तीन हिवाळ्यांत फुगवटा परत येतो.

एनबीत आणखी एक दगाबाज जागा आहे: पुढच्या बंपरमागून इंजिनच्या दोन्ही बाजूंनी मागे जाणारे चासीचे रेल. ते दुहेरी पत्र्याचे आहेत आणि मधल्या फटीत पाणी-मीठ साचतं. खालून टॉर्च मारून बघितल्याशिवाय एनबीचे पैसे देऊ नका.

बॅटरी डिकीत आहे, त्यामुळे तिथेही नजर टाका. या गाडीला सीलबंद, वाफ बाहेर नेणाऱ्या नळीची एजीएम (ॲसिड काचेच्या तंतूंत शोषून ठेवणारी) बॅटरी लागते. स्वस्तात मिळाली म्हणून कुणी साधी ॲसिडची बॅटरी बसवली असेल, तर तिच्या वाफेने डिकीचा तळ खाल्लेला सापडतो.

छोट्या नाकाचा क्रँक

१९८९ पासून १९९१ च्या मध्यापर्यंतच्या १.६ लिटर इंजिनांत क्रँकशाफ्टचं (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याचं) पुढचं टोक, म्हणजे ‘नाक’, आखूड आहे. पुलीला टोकावर धरून ठेवणारी चावी, म्हणजे धातूची छोटी पट्टी, खोबणीत बसते, पण पकड कमी असते. टायमिंग बेल्ट (क्रँकवरून व्हॉल्व्ह चालवणारा दातेरी पट्टा) बदलताना कुणी मधला बोल्ट नीट कसला नाही, तर पुली चावीवर हलत राहते, खोबण रुंदावते, आणि एक दिवस टायमिंग, म्हणजे व्हॉल्व्ह आणि ठिणगीची वेळ, सरकतं. गाडीला पिकअप राहत नाही, आयडल ढासळतं, टायमिंग कितीही लावलं तरी टिकत नाही. लोक प्लग, इंजेक्टर, सेन्सर बदलत बसतात.

ओळखायचं कसं? क्रँक पुलीच्या मधल्या भागावरच्या खाचा मोजा. चार खाचा म्हणजे आखूड नाक, आठ म्हणजे नंतरचं लांब नाक. चार असतील तर इंजिन चालू ठेवून वरून पुलीकडे बघा. पुली डगमगताना दिसली तर गाडी तिथेच सोडा, किंवा दुसऱ्या इंजिनच्या हिशोबाने किंमत पाडून मागा. डगमगत नसेल तर आखूड नाक असूनही गाडी वर्षानुवर्षं चालते. अट एवढीच, की बोल्टला विनाकारण हात लावायचा नाही, आणि उघडलाच तर नवा बोल्ट, नवी चावी आणि टॉर्क पाना वापरायचा. आखूड नाकाला १०८ ते ११८ न्यूटन-मीटर, लांब नाकाला १५७ ते १६६. लांब नाकाचा आकडा आखूड नाकावर लावू नका. खोबण थोडीच झिजली असेल तर लॉकटाइट ६६० (धातूची झीज भरणारा गोंद) भरून नवी चावी बसवण्याचा उपाय बरेच जण करतात आणि तो टिकतोही. पण खोबणीची कड तुटली असेल तर तो उपाय म्हणजे वेळकाढूपणा.

टायमिंग बेल्ट

६०,००० मैल, म्हणजे जवळपास १ लाख किमी झाले की बेल्ट बदलायचा. गाडी कमी चालली असेल तरी रबराचं वय मोजा. बिल दाखवता येत नसेल तर बेल्ट बदललेला नाही असंच धरा. १.६ आणि सुरुवातीच्या १.८ इंजिनात बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटत नाहीत, गाडी फक्त जागच्या जागी बंद पडते. २००१ नंतरच्या व्हीव्हीटी (व्हॉल्व्हची वेळ बदलणाऱ्या) इंजिनात या भरवशावर राहू नका.

वॉटर पंप टायमिंग बेल्टवर फिरत नाही. तो बाहेरच्या अल्टरनेटरच्या पट्ट्यावर फिरतो. पण काढायचा तर टायमिंग बेल्ट उतरवावाच लागतो, म्हणून दोन्ही कामं एकत्र करा. सोबत लागेल: टेन्शनर आणि आयडलर बेअरिंग, कॅमची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांची) दोन ऑइल सील, क्रँकचं पुढचं सील, कॅम कव्हरचं गॅस्केट, बाहेरचे पट्टे आणि सुमारे ६ लिटर कूलंट-पाण्याचं मिश्रण.

बेल्ट चढवताना चूक होते ती दात मोजण्यात. क्रँकची खूण ऑइल पंपाच्या बॉडीवरच्या खुणेशी जुळवा. वरच्या पुल्यांवर इनटेकचा ‘आय’ आणि एक्झॉस्टचा ‘ई’ सरळ वर आणा. या दोन खुणांमध्ये बेल्टचे बरोबर १९ दात आले पाहिजेत. अठरा किंवा वीस आले तर इंजिन सुरू होतं, पण मरगळलेलं चालतं. टेन्शनर लावून झाल्यावर इंजिन गोटी पान्याने समोरून बघताना घड्याळाच्या दिशेने दोन पूर्ण फेरे फिरवा आणि पुन्हा मोजा. उलटं फिरवू नका, बेल्टचा ढिलेपणा चुकीच्या बाजूला जातो. कव्हरं बंद करायची घाई करू नका, तिसऱ्यांदा मोजलं तर बिघडत नाही.

मागून गळणारं तेल

गॅरेजमध्ये सर्वांत जास्त फसवणूक, कधी अज्ञानाने आणि कधी जाणूनबुजून, याच एका गळतीवरून होते. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या जोडावरून तेल टपकतं. मेकॅनिक म्हणतो, ‘क्रँकचं मागचं सील गेलं, गिअरबॉक्स उतरवावा लागेल.’ पण आधी दुसरी जागा बघा. एनएमध्ये हेडच्या (इंजिनच्या वरच्या भागाच्या) अगदी मागे, केबिनच्या पत्र्याला चिकटून कॅम अँगल सेन्सर बसतो. त्याची ओ-रिंग तीस वर्षांत प्लास्टिकसारखी कडक होते. तेल हेडच्या मागच्या भिंतीवरून ओघळून बरोबर गिअरबॉक्सच्या जोडावर येतं. शिवाय वाटेत हीटरच्या होजवर पडून तेही फुगवतं.

आधी ती जागा ब्रेक क्लीनरने धुवा, दहा मिनिटं गाडी चालवा आणि छोटा आरसा व टॉर्च घेऊन सेन्सरच्या खाली बोट फिरवा. ओलं लागलं तर काम असं:

१. सेन्सर आणि हेड यांच्यावर मिळून एक बारीक रेघ ओढा. हीच तुमची टायमिंगची खूण.
२. वायरचा कनेक्टर काढा. एकच बोल्ट आहे, १२ मिमीचा, पण हात घालायला जागा नाही. आखूड रिंग पाना घ्या.
३. सेन्सर हलवत हलवत मागे ओढा. जुनी ओ-रिंग टोकदार हत्याराने तोडून काढा, पण खाचेला ओरखडा पडू देऊ नका.
४. नवीन ओ-रिंगला इंजिन ऑइल लावून बसवा. सेन्सरच्या टोकावरची जीभ मध्यापासून सरकलेली असते, त्यामुळे तो एकाच बाजूने आत जातो. जात नसेल तर अर्धा फेरा फिरवा, ठोकू नका.
५. रेघ जुळवून बोल्ट कसा.

नंतर टायमिंग तपासा. बॉनेटखालच्या ‘डायग्नोसिस’ लिहिलेल्या डबीत ‘टेन’ आणि ‘ग्राउंड’ या दोन पिना वायरने जोडा, इंजिन पूर्ण गरम करा, आयडल ८५० आरपीएमच्या आसपास ठेवा आणि एक नंबरच्या सिलिंडरच्या प्लगच्या वायरवर टायमिंग लाइट लावा. कंपनीचा आकडा १० अंश आहे. बरेच हौशी लोक १४ वर ठेवतात आणि पिकअपमध्ये फरक जाणवतोही, पण मग जास्त ऑक्टेनचं पेट्रोल भरावं लागतं. काम झालं की वायर काढायला विसरू नका.

ओ-रिंग कोरडी असेल तर कॅम कव्हरचं गॅस्केट बघा. तेही मागे गळतं, आणि प्लगच्या विहिरीत तेल भरतं. नवं गॅस्केट बसवताना कॅम सील आणि सेन्सरपाशी येणाऱ्या कोपऱ्यांवर सिलिकॉनचा छोटा ठिपका द्या, सगळ्या कडेला फासू नका. बोल्टना ५ ते ९ न्यूटन-मीटर पुरे. हेड ॲल्युमिनियमचं आहे, ताकद दाखवलीत तर आटे निघतील.

मिसिंग

चढावर किंवा तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये रेस दिली की गाडी झटके मारते, बाकी वेळ ठीक. पंप, इंजेक्टर नंतर, आधी प्लगच्या लीड, म्हणजे वायरी. त्या चार-पाच वर्षांत इन्सुलेशन सोडतात, कारण कॉइल हेडच्या मागे, गरम कोपऱ्यात आहे. अंधारात बॉनेट उघडून चालू इंजिनच्या लीडवर पाण्याचा हलका फवारा मारा, हात दूर ठेवून. निळ्या ठिणग्या दिसल्या तर निदान झालं. चारही लीड आणि चारही प्लग एकदम बदला. एनजीके बीकेआर५ई-११ किंवा त्याच्या तोडीचे, फट १.० ते १.१ मिमी, थंड इंजिनात १५ ते २३ न्यूटन-मीटर.

१.६ मध्ये एअर फ्लो मीटरपासून थ्रॉटलपर्यंत जाणारा जाड रबरी पाइप वाकवून, वळ्या फाकवून बघा. वळीतली चीर सरळ बघितल्यावर दिसत नाही. तिथून चोरून हवा शिरली तर आयडल खालीवर होतं आणि वळणावर गाडी गचके खाते.

टॅपेटचा टिकटिक आवाज हा एनएचा स्वभाव आहे. हायड्रॉलिक लिफ्टर (व्हॉल्व्ह दाबणारे, तेलाने भरलेले भाग) रात्रभरात रिकामे होतात. सकाळी काही सेकंद वाजून थांबले तर ठीक. गरम झाल्यावरही वाजत राहिले तर तेल आणि फिल्टर बदला, वीस मिनिटं हायवेवर चालवा. बहुतेक वेळा एवढ्याने शांत होतात. एनबीत लिफ्टर घन आहेत, तिथे टिकटिक ऐकू आली तर व्हॉल्व्हची फट मोजावी लागते.

गिअर पडत नाही

रिव्हर्स टाकताना करकर, पहिला गिअर अडतो, पेडल जमिनीपर्यंत जातं. विकणारा सांगतो, ‘गिअरबॉक्स जरा थकलाय.’ थकलेला असतो क्लचचा स्लेव्ह सिलिंडर (पेडलचा दाब तेलातून क्लचपर्यंत पोचवणारा), गिअरबॉक्सच्या उजव्या बाजूला खाली. इनटेकच्या बाजूने, पुढचं उजवं चाक काढून किंवा गाडीखालून दिसतो. त्याचा रबरी बूट दुमडून बघा. आत ओलं असेल तर संपला.

दोन १२ मिमीचे बोल्ट आणि एक पाइपचा नट. पाइपचा नट फ्लेअर पान्यानेच सोडा, साध्या पान्याने त्याच्या कडा गोल होतात आणि मग पाइपच बदलावा लागतो. स्लेव्ह बदलताना पेडलपाशी दाब तयार करणारा मास्टर सिलिंडरही बदला. नवीन स्लेव्हचा दाब मिळाला की जुन्या मास्टरचं सील काही महिन्यांत हार मानतं. नंतर डॉट ४ ब्रेक-फ्लुइड भरून एअर काढा: एक जण पेडल दाबून धरतो, दुसरा निपल उघडतो-बंद करतो, टाकी कधीही रिकामी होऊ द्यायची नाही.

गिअरबॉक्सचं तेल बदलताना आधी भरायचं बूच उघडा, मगच निचऱ्याचं. वरचं बूच गंजून बसलेलं निघालं आणि तेल आधीच सोडलेलं असेल तर गाडी उभीच राहील. पाच गिअरच्या बॉक्सला २ लिटर ७५डब्ल्यू-९०, जीएल-४ प्रतीचं. मागच्या डिफरन्शिअलला १.६ मध्ये ०.६५ लिटर आणि १.८ मध्ये १ लिटर, जीएल-५. गिअरच्या दांड्याखालच्या टरेटमध्ये (दांडा बसतो त्या छोट्या घरात) वेगळं तेल असतं, जेमतेम ९० मिली. ते कुणी बघतच नाही. तिथला छोटा रबरी बूट फाटला की केबिनमध्ये गरम हवा आणि आवाज येतो. थंडीत दुसरा गिअर पहिले दोन मैल जड पडणं मात्र साधारण आहे.

मागचे ब्रेक

मागचा कॅलिपर न समजता उघडला की मोडतो. पिस्टन आत दाबायला लोक सी-क्लँप लावतात. एनएचा मागचा पिस्टन दाबून जात नाही, कारण हँडब्रेकची यंत्रणा त्याला स्क्रूने धरून असते. कॅलिपरच्या मागच्या बाजूला एक छोटा बोल्ट आहे. तो काढला की आत ४ मिमीची ॲलन की बसते. उलटी फिरवली की पिस्टन आत जातो. नवे पॅड बसवून सरळ फिरवत जा, डिस्क हाताने फिरेनाशी होईपर्यंत. मग एक तृतीयांश फेरा मागे. दोन्ही बाजूंना सारखंच. त्यानंतरच हँडब्रेकची केबल बघा: पाच ते सात खटक्यांत धरला पाहिजे. आधी केबल ताणली तर पॅड सतत घासत राहतात, आणि चाक गरम का होतं ते कळत नाही. सरकत्या पिना बाहेर काढून पुसा आणि सिलिकॉन ग्रीस लावा. खनिज ग्रीसने रबर फुगतं.

रेडिएटर आणि बाकीचं

रेडिएटरची वरची प्लास्टिक टाकी काळी असते. ती हिरवट-तपकिरी दिसायला लागली की सांध्यावर चिरायची वेळ जवळ आली. फुटायची वाट बघू नका, ॲल्युमिनियमचं हेड वाकलं तर खर्च दहापट. कूलंट भरल्यावर हीटर पूर्ण गरमवर ठेवा, गाडीचं नाक थोडं वर घ्या आणि झाकण उघडं ठेवून आयडलवर चालू द्या. थर्मोस्टॅट ८८ अंशांच्या आसपास उघडला की पातळी खाली जाते, तेव्हा भरून झाकण लावा. गरम इंजिनचं बंद झाकण कधीही उघडू नका.

हेडलाइट एकच वर आला तर मोटरवरची रबरी टोपी काढून खालचं चाक हाताने फिरवा. घरी पोचता येईल. सस्पेन्शनमध्ये एक गोष्ट घेण्यापूर्वी विचारा: व्हील अलाइनमेंट शेवटचं कधी झालं? विशबोनचे (चाक धरणाऱ्या त्रिकोणी हातांचे) ॲडजस्ट करायचे बोल्ट बुशच्या (रबरी गादीच्या) नळीत गंजून एकजीव होतात. मग कापून काढावे लागतात, बुशही जातात, आणि अर्ध्या तासाचं काम दोन दिवसांचं होतं.

ऑइल प्रेशरच्या काट्यावर किती विश्वास ठेवायचा ते वर्षावर आहे. १९९४ पर्यंतच्या गाड्यांत तो खरा दाब दाखवतो आणि रेस दिली की वर जातो. १९९५ पासून माझ्दाने तिथे साधा स्विच लावला. काटा मधोमध शांत उभा असतो, दाब पुरेसा असो की कसाबसा.

गाडी उचलताना जॅक पुढच्या क्रॉसमेंबरला किंवा मागे डिफरन्शिअलच्या खाली, आणि स्टँड लावल्याशिवाय खाली शिरायचं नाही. सिलच्या सडलेल्या कडेला जॅक लावला तर तो पत्र्यात घुसतो. चाकाचे नट २१ मिमीचे, ८८ ते ११८ न्यूटन-मीटर. पन्नास मैलांनंतर पुन्हा एकदा पान्याने आवळून बघा.